बिनपंखांची अंतराळगाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. मला चाकं नाहीत आणि रस्त्यावरून मी कधी धावलेले नाही. टेम्पोच्या हौद्यात पडून दोन-तीनदा प्रवास झाला, तेवढाच. गणपती मंडळाच्या फलकावर माझं चित्र काढलं होतं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'अंतराळयान' असं लिहिलं होतं. पण ज्यांनी मला घडवलं ते मला गाडीच म्हणत, म्हणून मीही स्वतःला गाडी समजते. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे का, याची मला खात्री वाटत नाही. तिच्यात माझं कौतुक करण्यासारखं फार थोडं आहे. तरी सांगते, कारण गप्प बसूनही बरं वाटत नाही.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. तिथे चन्नाप्पा नावाच्या मिस्त्रींची शेड होती. सगळे त्यांना अप्पा म्हणत. अप्पा मूळचे नेसरीकडचे, घरात निम्मं कानडी बोलणारे, लेकीला कानडीत 'अव्वा' म्हणणारे. ट्रकच्या बॉड्या बांधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पत्रा हातात घेतला की ते आधी त्यावर टिचकी मारायचे, कान देऊन ऐकायचे आणि मगच कापायला घ्यायचे. त्यांनी ठोकलेला रिवेट कधी निसटला नाही, असं त्यांचे गडी सांगत.

मंगळवार पेठेतल्या एका तालीम मंडळाला त्या वर्षी गणपतीत अंतराळाचा देखावा करायचा होता. गोष्ट अशी होती : एक यान दूरच्या ग्रहाकडे निघतं. मध्येच त्याचं इंजिन बंद पडतं. यान जागच्या जागी थांबतं आणि खाली पडू लागतं. आतले प्रवासी बाप्पाचा धावा करतात, इंजिन पुन्हा घरघरतं आणि सगळे सुखरूप पोहोचतात. मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह अप्पांकडे आले आणि म्हणाले, "अप्पा, नाद खुळा झाला पायजे. गाडी बघून माणूस तिथंच उभं राहिलं पायजे."

अप्पांनी मला मनापासून बांधलं. पण त्यांना ठाऊक होत्या त्या गाड्या म्हणजे ट्रक आणि बस. त्यामुळे मला टोकदार नाक मिळालं, पुढे काच मिळाली, मोडीत निघालेल्या ट्रकचं स्टिअरिंग मिळालं आणि बसमध्ये असतात तशा एकामागे एक सीटा मिळाल्या. मागे शेपटीवर रंगाऱ्याने 'आई अंबाबाई प्रसन्न' असं झोकात लिहिलं. आणि दोन्ही बाजूंना मला पंख मिळाले. रुंद, मागे झुकलेले, चंदेरी रंगाचे, टोकांना लाल दिवे असलेले. शेजारच्या शेडमधले लोक हातातलं काम टाकून ते पंख बघायला यायचे. मित्रांनो, माझा सगळा डौल त्या पंखांत होता. मला त्यांचा गर्व होता.

अप्पांची मुलगी दानेश्वरी दुपारी त्यांचा डबा घेऊन यायची. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होती. चष्मा लावायची आणि इतक्या हळू बोलायची, की मशीन चालू असलं तर तिचं बोलणं ऐकूच येत नसे. पहिल्यांदा मला बघितलं तेव्हा तिने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "अप्पा, हिला पंख कशाला?"

"उडायला. कशाला म्हंजे?"

"पंख हवेवर रेलतात, अप्पा. तिथं हवाच न्हाय."

"मग दिसायला तरी पायजेत की," अप्पा म्हणाले आणि भाकरी मोडू लागले.

तेवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. पण तिने काचेतून आत डोकावून बघितलं. "आणि ह्या सीटा बसगत का मांडल्यात? इंजिन शेपटीकडनं जोर लावणार, म्हंजे आतला माणूस शेपटीकडं दाबला जाणार. तीच त्याची जमीन. इमारतीगत एकावर एक मजले पायजेत."

तारा जोडत बसलेला गुंडू मोठ्याने म्हणाला, "मग ही गाडी कुठली, ही तर उभी चाळ झाली की! वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवूया का अप्पा?" गुंडू मंडळाचा इलेक्ट्रिशियन. त्याच्या बोलण्यावर सगळी शेड हसली.

विजयसिंहही त्या वेळी तिथेच होते. दानेश्वरीने त्यांना गोष्टीतली चूक सांगायचा प्रयत्न केला. "विजूकाका, इंजिन बंद पडलं म्हणून यान थांबत न्हाय. ज्या वेगानं चाललंय त्याच वेगानं जात राहतं. अडवायला तिथं काहीच नसतंय. थांबायचं असंल तर उलटं वळून, शेपूट पुढं करून, परत इंजिन लावायला लागतंय."

"शेपूट पुढं करून ग्रहाच्या स्टेशनात शिरायचं?" विजयसिंह म्हणाले. "अगं, लोक म्हणतील डायवर पिऊन आलाय!"

पुन्हा हशा झाला. सगळ्यात मोठ्याने अप्पा हसले. दानेश्वरीने मान खाली घातली आणि डब्याची झाकणं लावू लागली. ती लावताना तिच्याकडून एक झाकण खाली पडलं. त्यावरही कोणीतरी हसलं.

मित्रांनो, आता जे सांगते ते सांगताना मला लाज वाटते. तिला हसले तेव्हा मला आनंद झाला. ती माझे पंख काढायला निघाली होती ना! मला वाटलं, बरी जिरली. मी पत्र्याची. मला तोंड नाही आणि आवाजही नाही. पण मनातल्या मनात मी त्या सगळ्यांबरोबर हसले.

पुढे मला मांडवात नेलं. मधोमध एक लोखंडी खांब रोवला होता. खांबावर फिरणारा लांब दांडा होता. दांड्याच्या एका टोकाला मला बसवलं आणि दुसऱ्या टोकाला वजनासाठी वाळूची पोती बांधली. मोटर सुरू केली की मी अंधाऱ्या आकाशातून गोल फिरत यायचे आणि ग्रहाच्या फलाटापाशी थांबायचे. फलाट म्हणजे लोखंडी अँगलचा सांगाडा आणि त्यावर रंगवलेलं प्लायवूड. प्रवासी म्हणून माझ्यात कापडी बाहुल्या होत्या.

पहिल्या चाचणीत गुंडूने बटण बंद केलं आणि मी तत्काळ थांबले. विजयसिंह दानेश्वरीकडे वळून म्हणाले, "बघ गं बाई, थांबली का न्हाय?"

"गिअरबॉक्सनं धरलंय म्हणून थांबली," ती म्हणाली. ते कोणाला ऐकू गेलं नाही. मी तिच्या जवळ होते, मला ऐकू आलं. मी ते मनावर घेतलं नाही.

पण त्या गिअरबॉक्सचा खडखडाट फार होता. कर्ण्यावरचं निवेदन त्यात बुडून जायचं. म्हणून मंडळाने तो काढून टाकला, मोटर पट्ट्यावर घेतली आणि खांबाला नवे बेअरिंग बसवले. हाताने जरा लोटलं तरी मी लोण्यावरून सरकावं तशी फिरू लागले. माझा पंख हातात धरून अप्पांनी मला एक चक्कर दिली. ते लहान मुलासारखे खुश झाले होते.

दानेश्वरी त्यांच्याजवळ गेली. "अप्पा, आता हिला धरणारं काही न्हाय. मोटर बंद केली तरी ही चालतच राहणार. चालवायच्या आधी ब्रेक बसवा."

मांडवात मंडळाची दहा-बारा पोरं होती. अप्पांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "गाड्या बांधता बांधता म्हातारा झालो मी. आता तू मला ब्रेक शिकीवतीस व्हय? काल बंद केल्यावर थांबली का न्हाय? डोक्यात एवढी पुस्तकं ठेवू नको अव्वा, मान मोडंल."

पोरं हसली. ती रिकामा डबा उचलून मांडवाबाहेर गेली. आणि मी? मी माझे लाल दिवे लुकलुकवत उभी होते.

दुपार उतरत आली होती. अप्पा फलाटावर चढून तिथला एक बल्ब घट्ट करत होते. गुंडूने विचारलं, "अप्पा, एक राऊंड मारू का?" अप्पा म्हणाले, "मार की." मोटर सुरू झाली. मी आवाज न करता निघाले. निम्मा फेरा झाल्यावर गुंडूने बटण बंद केलं, रोजच्या सवयीने. मोटरचा आवाज थांबला.

मी थांबले नाही.

मी फार जोरात नव्हते, मित्रांनो. माणूस चालतो तेवढाच माझा वेग होता. म्हणूनच तर घात झाला. अप्पांनी वर बघितलं. गाडी हळू येत होती, मोटर बंद होती. त्यांना वाटलं, आता हिच्यात काय जोर उरलाय? उतारावरची हातगाडी अडवावी तसा त्यांनी उजवा हात पुढे केला. पण मी पत्र्याची आणि अँगलची होते, माझ्यामागे तो लांब दांडा होता आणि पलीकडे वाळूची पोती होती. ते सगळं वजन चालत होतं. माझं अंग फलाटापासून चांगलं हातभर लांबून गेलं. मध्ये आला तो पंख. पंख आणि फलाटाचा अँगल यांच्यामध्ये अप्पांचं मनगट सापडलं.

दिसायलाच लावलेला पंख. तो नसता तर मी नुसती त्यांच्यासमोरून निघून गेले असते.

पोरांनी मला मागे ओढलं. अप्पांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मांडव रिकामा झाला आणि पंखाच्या कडेवर रक्त तसंच राहिलं. टिचकी मारून पत्र्याची जात ओळखणारा तो हात पुन्हा हातोडी धरेल का, एवढा एकच प्रश्न माझ्यासमोर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दानेश्वरी आली. मला वाटलं, आता ही मला लाथ मारेल. मारली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पंखाकडे बघितलं. ओढणीचा पदर पाण्यात भिजवून रक्त पुसून काढलं. मग पंखावर हात ठेवून पुटपुटली, "मीच जोरात सांगायला पायजे होतं."

मित्रांनो, त्या वाक्याने मला सगळ्यात जास्त त्रास दिला. हसणारे आम्ही होतो. आणि दोष तिने स्वतःकडे घेतला.

विजयसिंह गुंडूला घेऊन आले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "दानेश्वरी, देखावा रद्द करूया. गाडी नुसती उभी ठेवतो. अप्पांना तोंड दाखवायची लाज वाटायलीय मला."

गुंडू म्हणाला, "काल रातभर मी दवाखान्यात होतो. अप्पा काय म्हणालेत सांगू?" त्याने तिच्याकडे बघितलं. "म्हणाले, दानीला सांग, गाडी उभी ठेवायची न्हाय. पंख काप म्हणावं. पण पत्रा टाकू नको, चांगल्या जाड गेजचा हाय. आणि खांबाला जीपचा ड्रम ब्रेक बसवा, शेडमध्ये मागच्या कोपऱ्यात पडलाय."

"आणखी काय म्हणाले?"

"आणखी... नर्सबाईंवर ओरडले. चहात साखर कमी म्हणून."

दानेश्वरी हसली आणि लगेच रडली. मग तिने कटर मागितला.

माझे पंख कापताना मला वेदना झाल्या असं मी म्हणणार नाही. पत्रा होता, कापला गेला. उलट अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्या पत्र्याच्या तिने अरुंद, सपाट पट्ट्या केल्या आणि माझ्या अंगाला चिकटून बसवल्या. गुंडूने विचारलं, "आता हे काय?" ती म्हणाली, "इंजिन तापतंय. गार करायला बाहेर वारा न्हाय. मग उष्णता अशा पत्र्यांतनं हळूहळू बाहेर टाकायची." सीटा काढल्या आणि शेपटीच्या भिंतीला जमीन मानून एकावर एक मजले केले. मला दांड्यावर जागच्या जागी उलटं फिरता यावं म्हणून एक खीळ बसवली. ब्रेक विजयसिंहांनी स्वतः बसवला आणि वाळूची पोती माझ्यात भरून, मला फिरवून, पुन्हा पुन्हा तपासला. 'आई अंबाबाई प्रसन्न' मात्र तसंच राहू दिलं. ते पुसायचं कोणाच्याही मनात आलं नाही.

गोष्टही बदलली. आता सुरुवातीला माझं इंजिन थोडा वेळ पेटायचं, मग बंद व्हायचं. बंद झाल्यावर कर्णाही बंद. अंतराळात आवाज पोहोचवायला हवा नसते, म्हणून काहीच ऐकू यायचं नाही. अंधारात एका बाजूने पांढरा उजेड, आणि मी गुपचूप पुढे जात राहायचे. काचेतून हात जोडलेल्या बाहुल्या दिसायच्या : प्रवासी घाबरून मनातल्या मनात बाप्पाचा धावा करायचे, आणि मग त्यांना सुचायचं की आपण थांबलेलो नाही, अजून चाललो आहोत. शेवटी मी उलटी व्हायचे, शेपूट पुढे करायचे, इंजिन पुन्हा पेटायचं आणि मी, आता जरा पुढे सरकवलेल्या फलाटाला, अलगद टेकायचे. गुंडू ब्रेकची दांडी हळूहळू ओढायचा.

देखावा खुला झाला त्या संध्याकाळी कोडोली, गारगोटी, कुठून कुठून टेम्पो भरून माणसं आली होती. आजूबाजूच्या मंडळांचे कर्णे छाती हादरवत होते. आमच्या मांडवात माझं इंजिन बंद झालं आणि एकदम शांतता पसरली.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग मागून आवाज आला, "लाईट गेली काय रं?"

"मशीन बंद पडलं जणू! बिल भरलं न्हाय काय मंडळानं?"

हशा उसळला. शिट्ट्या सुरू झाल्या. विजयसिंह दानेश्वरीच्या कानात म्हणाले, "आवाज सोडूया का गं? माणसं चाललीत." ती कर्ण्याच्या बटणापाशी उभी होती.  हसणाऱ्या माणसांसमोर उभं राहायची ती तिची तिसरी वेळ होती. तिचा हात बटणाकडे गेला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या खुर्चीवरून एक माणूस उठला. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. अप्पा. दवाखान्यातून सोडल्यावर ते घरी न जाता तिथे आले होते. ते गर्दीकडे तोंड करून उभे राहिले.

"ओ पावणं! लाईट गेलेली न्हाय. इंजिन बंद हाय. बंद असूनबी गाडी चाललीय, दिसतंय का? मलाबी पटलं नव्हतं. माझ्या पोरीनं सांगितलं तवा मी हसलोतो." त्यांनी प्लॅस्टरचा हात वर केला. "हे बघा. आता गप बसा आणि बघा."

गर्दी गप्प झाली. मी पांढऱ्या उजेडातून पुढे जात राहिले. कोडोलीहून आलेल्या बाळाबाई नावाच्या आजी कडेला उभ्या होत्या. त्या नातीला हळूच म्हणाल्या, "व्हय की गं. ढकलल्याबिगार चाललीय. वर असंच असंल जणू."

मी फलाटाला टेकले तेव्हा टाळ्या झाल्या. अप्पांनी वाजवल्या नाहीत, त्यांना वाजवता येत नव्हत्या. ते डाव्या हाताने मांडी थापटत होते. दानेश्वरीने बटणावरचा हात काढला आणि ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. 

आम्हाला त्या वर्षी बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण देखावा थोडा थंड वाटतो.

मित्रांनो, गोष्ट इथे संपवावी असा मोह होतो. पण ते खरं होणार नाही. प्लॅस्टर निघालं तेव्हा अप्पांच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नव्हती. ती अजूनही वळत नाहीत. ते शेडमध्ये जातात, खुर्चीवर बसतात, गड्यांना कुठे काय ठोकायचं ते सांगतात. पत्र्यावर टिचकी मारायची झाली तर डाव्या हाताने मारतात. ती पहिल्यासारखी वाजत नाही, असं तेच म्हणतात. मला कोणी कधी दोष दिला नाही. पत्र्याला कोण दोष देणार? म्हणून तो माझा मलाच धरून ठेवावा लागतो.

दानेश्वरी आता गारगोटीच्या एका शाळेत शिकवते. मंडळाला माझी अडचण होऊ लागली तेव्हा ती मला इथे घेऊन आली. प्रयोगशाळेमागच्या छपरात मला त्याच खांबावर आणि त्याच बेअरिंगवर बसवलंय, दांडा तेवढा आखूड केलाय. मुलांनी वर्गात वाचलेलं इथे बघावं, अशी तिची इच्छा. ती अजूनही हळूच बोलते. पण तिचा वर्ग शांत असतो, त्यामुळे ऐकू जातं. बसवायच्या दिवशी अप्पाही आले होते. पंख कापलेल्या जागी पत्र्याची कड थोडी उभी राहिली होती. त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. डाव्या हातात कानस धरून ती कड स्वतः घासत बसले. काम नीटसं झालं नाही, कुठे कुठे धार राहिली आहे.

मधल्या सुट्टीत तुम्ही येता, माझ्यात चढता, एकमेकांना ढकलता. तुमचे आवाज ऐकून मला बरं वाटतं. या, बसा, खेळा. मला जोरात लोटा आणि मग सोडून बघा, मी किती वेळ फिरत राहते ते. फक्त बाईंना ब्रेकच्या दांडीपाशी उभं राहू द्या, आणि तुमच्यातली कोणी हळू आवाजाची मुलगी 'थांब' म्हणाली तर खरंच थांबा. आणि हात आत घ्या, मित्रांनो. मी कितीही हळू येताना दिसले, तरी माझ्या वाटेत हात घालू नका. मला माझं मी थांबता येत नाही.